कार्बाइड सांगून लोखंड गळ्यात मारलं: थिकनेसरचं स्पायरल हेड घेणाऱ्यांनी वाचा

थिकनेसर म्हणजे फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन, आणि हेड म्हणजे त्यातला पाती बसवलेला फिरता दंडगोल. त्या हेडपायी माझे एकूण ९७,३६० रुपये गेले. आकडा आधीच सांगतो, म्हणजे पुढे "एवढ्यासाठी एवढी बोंब?" असं कुणी म्हणायला नको. हेड ६२,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी ११,१६०. जादा टिपांची, म्हणजे हेडमधल्या लहान पात्यांची, डबी, बिलाशिवाय, ३,५००. फिटर ४,०००. बेअरिंगची जोडी १,८००. वाया गेलेलं सागवान ११,४००. वकिलाची नोटीस ३,५००. बंद पडलेलं काम आणि गिऱ्हाइकाच्या शिव्या यात धरलेल्या नाहीत.

ठाण्यात वागळे इस्टेटमध्ये माझा लहानसा सुतारकामाचा गाळा आहे. मी आणि दोन कारागीर. तेरा इंची थिकनेसर, त्याला सरळ तीन पात्यांचं ब्लॉक, म्हणजे जुन्या पद्धतीचं हेड. ज्यांनी असं मशीन चालवलंय त्यांना मी हेड का बदलायला निघालो हे सांगायला नको. पाती काढा, धारेला पाठवा, परत बसवताना तिन्ही एका उंचीला आणता आणता अर्धा दिवस जातो. पाडलेल्या वाड्यांचं जुनं सागवान उलट्या रेषेला लागलं की टवके उडतात. त्यात शेजारच्या गाळ्यात संगणकवाल्यांचं ऑफिस आलं आणि आवाजावरून रोजची कटकट सुरू झाली. स्पायरल हेडमध्ये लांब पात्यांऐवजी लहान चौकोनी कार्बाइड टिपा (टंगस्टन कार्बाइड, पोलादापेक्षा खूप कठीण) असतात, प्रत्येकीला चार धारा. एक धार गेली की स्क्रू सैल करून टीप पाव वळण फिरवायची. आवाज कमी, टवके कमी. हे सगळं खरं आहे, चांगली हेडं असं काम देतातच. त्यामुळे हाव सुटली म्हणून फसलो असं कुणी म्हणू नये. भाव मातीमोल असता तर मलाही संशय आला असता. पण मला हेड विकणाऱ्या हरामखोराने भावही नीट बाजाराच्या अंगानेच लावला होता.

त्याचा व्हिडिओ मोबाइलवर आला, गाळा नवी मुंबईत तुर्भे एमआयडीसीत. तिथे गेलो तर मशीन लावूनच ठेवलेलं. त्याने गाठीची फळी आत सोडली, बाहेर आली ती गाठीवरसुद्धा साफ. मशीन चालू असताना आम्ही नेहमीच्या आवाजात बोलत होतो. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे. त्या मशीनवरचं हेड अस्सल होतं, माझ्या खोक्यात गेलं ते दुसरंच. घेताना खोकं फोडा आणि तेच हेड समोर टिपा काढून बघा, कितीही तेलकट असो. "सील तोडलं तर वॉरंटी जाईल" असं म्हणाला तर उठून चालू पडा.

आता तो क्षण. अजून रात्री झोप उडवतो. डबी उघडून मी दहा टिपा तळहातावर ओतल्या. तेल लावलेल्या, काळपट, कोपरे स्वच्छ. १४ बाय १४ बाय २ मिलिमीटर. कार्बाइड पोलादाच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, एक टीप पाच ग्रॅमच्या आसपास भरते. लाकडात खाचा पाडायच्या राउटरची कार्बाइड बिटं मी वर्षानुवर्षं हाताळतोय, ते वजन बोटांना पाठ आहे. आणि माझ्या हातात त्या टिपा हलक्या लागल्या. लागल्याच! मी तोंड उघडणार तेवढ्यात त्याने मशीन चालू केलं, "शेठ, आता हा बाभळीचा तुकडा बघा," म्हणाला आणि माझी मान तिकडे वळली. नंतर ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर घातल्या तर दहांचं वजन भरलं २६ ग्रॅम. शुद्ध लोखंड. चुंबक लावून निवाडा करू नका, कोबाल्टमुळे कार्बाइडही थोडं ओढलं जातं. वजन करा.

मी मशीन दुरुस्तीवाला नाही, सुतार आहे. विकणारा छातीठोक "टंगस्टन कार्बाइड" म्हणतो, बिलावर तसं लिहून देतो, तेव्हा गिऱ्हाइकाने खिशात काटा घेऊन फिरायचं का?

स्पायरल आणि हेलिकल एकच, असंही त्याने ठोकून दिलं. एक नाहीत. दोन्हींत टिपा दंडगोलावर नागमोडी ओळीत असतात, पण खऱ्या हेलिकलमध्ये प्रत्येक टीप थोडी तिरकी बसवलेली असते, त्यामुळे धार लाकडाला सरळ न भिडता कलून कापते. माझ्यातल्या सगळ्या टिपा सरळ. शिवाय चांगल्या टिपेची धार किंचित बाकदार असते, म्हणजे दोन टिपांच्या सांध्यावर रेघ उमटत नाही. माझ्या फळ्यांवर पहिल्या पासापासून, म्हणजे मशीनमधून काढलेल्या पहिल्या फेरीपासून, रेघा होत्या, बोट फिरवलं की लागायच्या. त्याला फोन केला तर म्हणे टीप बसते त्या बैठकीत भुसा गेला असेल, साफ करून बसवा. तेही तत्त्वतः खरं, टिपेखाली भुश्याचा कण राहिला तरी रेघ येते. म्हणून आम्ही सगळ्या टिपा काढून, पुसून परत बसवल्या. यांचं खोटं असं अर्ध्या खऱ्यात गुंडाळलेलं असतं.

सागवानात वाळूसारखी सिलिका असते, पोलादाची धार ती पार खाऊन टाकते. चारही धारा बघता बघता बोथट झाल्या, मोटर गरम, ट्रिप. शेवटी एका टिपेचा स्क्रू मानेतून तुटला आणि टीप आत आपटली. कारागीर मशीनसमोर उभा असता तर मी आज दुसराच मजकूर लिहीत बसलो असतो. स्क्रू टॉर्क रेंचने, म्हणजे ठरावीक जोर लावणाऱ्या पान्याने, घट्ट करा, अंदाजाने नाही. आणि मोटर जुनीच ठेवणार असाल तर एका पासात लाकूड कमी काढा, अस्सल हेडसुद्धा सरळ पात्यांपेक्षा जास्त ताकद मागतं.

बिलाचं तर विचारू नका. पत्ता तुर्भ्याचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू. २४ म्हणजे गुजरात, महाराष्ट्र २७. तरी कर लावलेला सीजीएसटी ५,५८० आणि एसजीएसटी ५,५८०, म्हणजे एकाच राज्यातल्या विक्रीचा. गुजरातच्या नंबरावरून इथे माल विकला तर आयजीएसटी, म्हणजे दोन राज्यांमधल्या विक्रीचा कर लागतो. माझ्या अकाउंटंटने नंतर जीएसटी पोर्टलवर २बी, म्हणजे विकणाऱ्यांनी नोंदवलेल्या बिलांची यादी, उघडली तेव्हा बिल त्यात नाहीच, नंबर पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. पैसे देण्याआधी नंबर टाकून बघायला मिनिट लागत नाही. आणि यूपीआयवर नाव आलं कुणा बाईंचं. "करंट अकाउंटची लिमिट संपलीय, मिसेसच्या खात्यावर टाका." असं लोक रोज सांगतात, आपण रोज टाकतो. २०,००० आगाऊ, ५३,१६० माल उचलताना.

आता खरा संताप. पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार म्हणाले, "माल मिळालाय ना? मग दिवाणी बाब आहे, कोर्टात जा." सांगितलं, साहेब, कार्बाइड म्हणून लोखंड दिलंय, ही फसवणूक नाही? तर म्हणे खरेदी तुर्भ्यात, तिकडे जा. तिकडचे म्हणाले पैसे ठाण्यातून गेले, तिकडे जा. मध्ये खाडी, पलीकडे ते, अलीकडे हे, आणि मी ऐरोली पुलावर. ऑनलाइन फसवणुकीच्या टेबलावर सांगितलं की पिन तुम्हीच टाकलात, हा सायबर गुन्हा नव्हे. बँकेचंही तेच, वर "फॉर्म भरा" आणि फॉर्मला उत्तर नाही. जीएसटीवाल्यांना रद्द नंबर दाखवला तर त्यांनी उलट माझीच बिलं मागितली. टिपा टेबलावर ठेवल्या, एकानेही हातात घेऊन बघितल्या नाहीत. एकाने विचारलं, "हे कशाचं असतं? मिक्सरचं?"

ग्राहक आयोगाच्या दारात कुणीतरी सांगितलं की धंद्यासाठी घेतलेला माल चालत नाही. साफ चूक. २०१९ च्या कायद्यात लिहिलंय की स्वतःच्या उपजीविकेसाठी, स्वयंरोजगारातून वापरायला घेतलेली वस्तू व्यावसायिक धरत नाहीत. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला जिल्हा आयोगात फी नाही, आणि तक्रार आपण राहतो किंवा काम करतो तिथे करता येते, तुर्भ्याला हेलपाटे नकोत. मुदत दोन वर्षं. पोलिसांकडे अर्ज दिलात तर त्यावर भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) लिहा, जुनं ४२० आता तिथे आहे, आणि पोच घेतल्याशिवाय हलू नका. तोंडी सांगितलेलं हवेत जातं. पैसे नुकतेच गेले असतील तर आधी १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन, बाकीची वणवण नंतर.

वकिलाची नोटीस "पत्त्यावर नाही" असा शेरा घेऊन परत आली. मी स्वतः जाऊन पाहिलं, गाळ्याला दुसऱ्याच धंद्याची पाटी, पॅकिंगच्या खोक्यांचा. आयोगात तक्रार दाखल केली आहे. कारागिरांनी जुनं तीन पात्यांचं ब्लॉक परत चढवलंय.

गेल्या आठवड्यात तोच व्हिडिओ पुन्हा फिरत आला, नाव नवं, भाव आता ५९,०००. मशीनच्या पुली कव्हरला डाव्या कोपऱ्यात तडा आहे आणि तिथे पिवळी चिकटपट्टी लावलेली दिसते. तुम्हाला आला तर ती पट्टी बघा.