घाबरट कुत्रीसाठी तीन पट्ट्यांचा हार्नेस आणि पाच मीटरची दोरी: डिसेंबर ते ऑगस्टचा अनुभव

निकाल आधीच सांगून टाकते. हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-पोटाभोवती बांधायचा पट्ट्यांचा साज, चांगला आहे, पावसाळ्यात त्रासदायक आहे. पैसे कमी असतील तर आतली मऊ गादी, चमकणाऱ्या पट्ट्या, रंग असल्या गोष्टींत तडजोड करा. कमरेजवळचा तिसरा पट्टा आणि लांब दोरी या दोन गोष्टींत मात्र नको.

आमची ठकी गावठी आहे, वय दोनच्या आसपास, वजन सोळा किलो. कानाला नसबंदीची खाच आहे, म्हणजे आमच्याकडे येण्याआधी ती कधीतरी पकडली गेली होती. घरात आली तेव्हा गळ्याकडे हात गेला की जमिनीला चिकटायची आणि शेपूट पार पोटाखाली. बांधा गावठी कुत्र्यांचा असतो तसाच, म्हणजे छाती खोल, कंबर बारीक आणि मान जवळजवळ डोक्याएवढी जाड. साधा गळपट्टा अशा मानेवर टिकत नाही. 

दुकानात हार्नेस विकतात ते ‘कुत्रं ओढतं का?’ असं विचारून. घाबरलेलं कुत्रं ओढत नाही, मागे सरकतं. पुढचे पाय रोवून, मान खाली घालून त्याने मागे झटका दिला की गळपट्टा कानांवरून निघतो, आणि दोन पट्ट्यांचा हार्नेससुद्धा कोपरांवरून सरकत डोक्यातून उलटा बाहेर येतो. तिसरा पट्टा बरगड्यांच्या मागे, कंबर बारीक होते तिथे बसतो. बरगड्यांचा घेर त्याच्याहून मोठा असल्याने तो पुढे येऊच शकत नाही. मार्चमध्ये एका ट्रकचा हॉर्न वाजला तेव्हा ठकीने हे सगळं माझ्यासमोर करून पाहिलं. हार्नेस जागचा हलला नाही. माझ्या लेखी पैसे तिथेच वसूल झाले.

घेताना आणखी दोन गोष्टी बघाव्यात. छातीवरची रचना इंग्रजी वाय अक्षरासारखी हवी, म्हणजे खांदे मोकळे राहतात. छातीवर आडवा पट्टा असलेले हार्नेस दिसायला भारी, पण पाऊल पुढे टाकताना अडतं. दुसरं, मानेजवळही बकल हवं. डोक्यावरून काहीतरी घालायला गेलं की अशा कुत्र्यांचा धीर तिथेच सुटतो.

बकलचा ‘टक्’ आवाज हेही एक प्रकरणच होतं. जानेवारीचा बराचसा महिना आम्ही फक्त घरातच काढला. हार्नेस जमिनीवर, शेजारी जेवणाचं भांडं. मग अंगावर नुसता ठेवायचा. मग बकल लांबून वाजवायचं आणि लगेच उकडलेल्या चिकनचा तुकडा. क्रम महत्त्वाचा आहे: आधी आवाज, मग खाऊ. खाऊ दाखवून तिला भीतीच्या वस्तूकडे ओढत नेलं की खाऊच संशयास्पद वाटायला लागतो. चिकनचा आणखी एक उपयोग म्हणजे मोजमाप. घरात उड्या मारून खाणारी कुत्री गेटजवळ चिकनकडे बघतही नसेल, तर तिथे शिकवण्यासारखं काही उरलेलं नाही. दहा पावलं मागे यायचं.

आता दोरी. खरं कौतुक मला हिचंच करायचं आहे. लहान दोरीवर ठकी सारखी माझ्या पायांत यायची किंवा दगड व्हायची. पाच मीटरवर तिला बाजूने वळसा घेता येतो, थांबता येतं, पार्क केलेल्या रिक्षाकडे लांबून बघून ठरवता येतं. चालायला ती शिकली ती पहाटे साडेपाचला पुण्यातल्या वेताळ टेकडीवर, अशा मोकळ्या दोरीवर. तीच कुत्री कर्वे रस्त्याच्या बाजूला अजून दोन मिनिटांत धापा टाकते. दोरी हार्नेसच्या पाठीवरच्या कडीतच अडकवायची. गळपट्ट्याला कधीच नाही. पळत सुटून दोरी संपली तर झटका थेट मानेला बसतो. टोकाला हातात धरायचा फासा नसलेली घ्या, तो झुडपांत अडकतो.

आमची आधी नायलॉनची होती, तिने एकदा माझा तळहात सोलला. नंतर प्लास्टिकचं आवरण असलेली, बायोथेन म्हणतात ती घेतली. जड आहे, ओली झाली की हातातून सरकते, पण चिखल फडक्याने पुसला की काम झालं. गुंडाळी होणारा डबीवाला पट्टा कोणी भेट दिला तरी वापरू नका. तो सतत किंचित ताणलेला राहतो, आणि हातातून सुटला तर ती डबी खडखडत कुत्र्याच्या मागे धावते. भित्र्या कुत्र्याला एवढं पुरतं.

सोसायटीत सल्ले फुकट असतात. आमच्या खालच्या मजल्यावरचे काका रोज म्हणायचे, “अहो, साखळी घाला, दोन दिवसांत सरळ चालेल.” “काका, सरळ चालायचं नाहीये तिला, चालायचंच नाहीये,” असं सांगून मी पुढे जायचे. आवळणाऱ्या साखळीने कुत्रं गप्प होतं हे खरं. भीती मात्र असते तिथेच राहते, वर मान दुखण्याची भर. लिफ्टवरूनही कुरबुर झाली. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार सोसायटीला पाळीव कुत्र्यांना लिफ्ट बंद करता येत नाही, त्यामुळे तो विषय मिटला. तसंही आम्ही जिनाच वापरतो, कारण लिफ्टचं दार ठकीला पसंत नाही.

तक्रारी. आतली गादी पाणी धरून ठेवते. जुलैमध्ये हार्नेस पंख्याखाली रात्रभर ठेवूनही सकाळी दमट असायचा, वास यायचा, आणि ठकीच्या काखेत पुरळ उठलं. काळा रंग एप्रिलच्या उन्हात तापतो. चमकणाऱ्या पट्ट्यांची सालं निघाली. छातीवरच्या कडीला दोरी लावली की सगळा हार्नेस एका बाजूला फिरतो, म्हणून ती कडी मी वापरणंच सोडलं. पट्टे आपोआप सैल होतात. बाहेर पडण्याआधी प्रत्येक पट्ट्याखाली दोन बोटं घालून बघावं लागतं. शिलाई आणि बकल मात्र अजून ठणठणीत.

एक गोष्ट खरेदीच्याही आधीची. चालायला नकार देणारं कुत्रं आधी डॉक्टरांना दाखवा. गोचीडताप, सांध्याचं दुखणं बाहेरून भीतीसारखंच दिसतं. भीती फारच असेल तर त्यावर औषधंही आहेत, तीही डॉक्टरांनीच द्यावीत.

सध्या ठकी टेकडीवर माझ्या पुढे चालते, गल्लीत माझ्या मागे. संध्याकाळी नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाल्यापासून आम्ही संध्याकाळची फेरी बंद केली आहे. जिन्याखालच्या मोकळ्या जागेत शू करून परत. दिवाळीआधी फिकट रंगाचा, गादी नसलेला, पण तीन पट्ट्यांचाच दुसरा हार्नेस मागवला आहे. दिवाळीत गळपट्टा आणि हार्नेस दोन्हींना वेगळ्या दोऱ्या लावणार आणि फोन नंबरचा बिल्ला गळ्यात ठेवणार, अगदी पाच मिनिटांसाठी खाली गेलो तरी. त्या हार्नेसचं काय होतं ते तुळशीच्या लग्नानंतर लिहीन.