फतेगंजात मिळणाऱ्या ‘गुन्हेगारी आणि मनोगतिकी’ नोट्स: घ्या, पण बाउल्बीचे आकडे दुरुस्त करून

76 पानं, स्पायरल बाइंडिंग, 110 रुपये. विद्यापीठाजवळच्या झेरॉक्स दुकानांत मिळतात, वर लेखकाचं नाव नाही. विषय मनोगतिकी, म्हणजे अबोध मनातल्या ओढाताणीवरून माणसाचं वागणं समजावून सांगणं. घरी मराठी, शाळा गुजराती आणि पुस्तकं इंग्रजी अशी कसरत करणाऱ्या बडोद्याच्या मुलांना मराठीत इतकं सलग सहसा मिळत नाही, म्हणून या नोट्स हातोहात खपतात.

मनोविश्लेषणाचा जनक फ्रॉइड मनाचे तीन भाग मानतो: इदम् (इड, आदिम इच्छा), अहम् (इगो, वास्तवाचं भान) आणि पराहम् (सुपरइगो, आतला नैतिक पहारेकरी). त्यांची ओळख चार पानांत उरकली आहे आणि तेवढी पुरते. खरी मजा पराहम्‌च्या तीन बिघाडांत आहे. दुर्बल पराहम्: साधारण 3 ते 6 या वयात मुलाला समान लिंगाच्या पालकाशी एकरूप होता आलं नाही, तर आतला पहारेकरी तयारच होत नाही. विचलित पराहम्: पहारेकरी धडधाकट असतो, पण बापच चोर असल्यामुळे त्याची नियमावलीच चोराची. अतिकठोर पराहम्: अपराधभाव आधीपासून असतो, गुन्हा नंतर घडतो. शिक्षा झाली की मनाला उतार पडतो, म्हणून असा माणूस पकडलं जाण्याची सोय स्वतःच करून ठेवतो. हे तिसरं पान नोट्समधलं सर्वांत चांगलं. कार्यकारणाचा क्रम उलटा आहे हे इथे नीट सांगितलंय. उत्तरपत्रिकांत बहुतेक जण ‘गुन्हा केला म्हणून अपराधी वाटतं’ असं लिहून मोकळे होतात.

मात्र तिन्ही प्रकार फ्रॉइडच्या नावावर टाकलेत. फ्रॉइडने 1916 मध्ये मांडला तो अपराधभावातून होणारा गुन्हा. तिन्ही प्रकारांची ही मांडणी मानसशास्त्रज्ञ ब्लॅकबर्नच्या 1993 च्या पुस्तकावरून दिली जाते. परीक्षकाच्या नजरेत ही चूक लगेच भरते.

सगळ्यात मोठी गडबड ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ बाउल्बीच्या, चोरी करणाऱ्या मुलांवरच्या 1944 च्या अभ्यासात आहे. नोट्समध्ये एकच आकडा छापलाय: 14 भावनाशून्य (कुणाबद्दल जिव्हाळा किंवा अपराधभाव नसलेल्या) चोरांपैकी 12 जण लहानपणी आईपासून दीर्घकाळ दुरावले होते. खाली ठळक अक्षरांत निष्कर्ष: आईपासून ताटातूट म्हणजे गुन्हेगारी. उरलेले आकडे समासात लिहून घ्या. एकूण चोर 44. भावनाशून्य नसलेल्या 30 पैकी 5 जणांचीच अशी ताटातूट झालेली. तुलनेसाठी घेतलेल्या, चोरी न करणाऱ्या 44 मुलांत 2. म्हणजे 44 पैकी 17 चोरांना हे स्पष्टीकरण लागू पडतं आणि 27 जणांना नाही. हा आकडा नोट्समध्ये कुठेच येत नाही, आणि प्रश्न तर नेमका त्यावरच विचारतात. शिवाय मुलाखती आणि निदान दोन्ही बाउल्बीनेच केलं, माहिती पालकांच्या आठवणीवरची. मानसोपचारतज्ज्ञ रटरने 1972 मध्ये दाखवलेला फरकही गायब आहे: जुळलेलं नातं तुटणं वेगळं, नातं मुळात जुळलंच नसणं वेगळं.

टीकेचा भाग दीड पानाचा, घाईघाईत उरकलेला. ‘अबोध मन तपासता येत नाही’ हे वाक्य तीनदा येतं. सर्वांत धारदार मुद्दा मात्र सुटलाय. फ्रॉइडच्या हिशेबाने मुलींचा पराहम् कमी पक्का. मग बायकांनी जास्त गुन्हे करायला हवेत. भारतातल्या तुरुंगांत त्यांचं प्रमाण 4 टक्क्यांच्या आसपास आहे. दोन ओळींत सिद्धांत अडचणीत येतो!

समाजकार्यवाल्यांसाठी आणखी एक सावधगिरी. शेवटी ‘अहवालाचा नमुना’ म्हणून मुलाचा पराहम् दुर्बल आहे असं लिहायला शिकवलंय. 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 15 खाली 16 वर्षांवरच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्याचा आरोप असेल, तर बाल न्याय मंडळ पाहतं ते गुन्हा करण्याची मानसिक व शारीरिक क्षमता, परिणामांची समज आणि कोणत्या परिस्थितीत तो घडला ते. तिथे पराहम् मोजून कुणी दाखवू शकत नाही. घरात कोण, कितव्या वर्षी कोण सोडून गेलं, त्यानंतर मूल कुणाकडे राहिलं, हे तारखांसकट लिहिलं तर मंडळाला काहीतरी हाती लागतं.

बालगुन्हेगारीवर लिहिणारे मनोविश्लेषक ऐशहोर्न आणि विनिकॉट अर्ध्या अर्ध्या पानात आटोपलेत. छपाई फिकी, 40 ते 44 पानं दुकानात उलटून बघा, काही प्रतींत ती उलटी लागलीत. संपूर्ण संच नको असेल तर पराहम्‌ची सहा पानं तेवढी झेरॉक्स करून मागा, दुकानदार देतो.