जिन्यातले सेन्सरवाले बल्ब: घ्या, पण जागा बघून लावा

आमची सांगलीत विश्रामबागेतली चार मजली बिल्डिंग, लिफ्ट नाही. जिन्यात जुन्या चोकच्या ट्यूब. चोकसकट एकेक ट्यूब 50 वॉट खाते, म्हणजे रात्रभरात अर्ध्या युनिटहून जास्त. आणि उजेड कोणाला, तर पालींना! 'जाता-येता बंद करा' सांगून खजिनदार म्हणून माझा घसा बसला. शेवटी गणपती पेठेतून 9 वॉटचे सेन्सरवाले एलईडी बल्ब आणले.

ट्यूबची पट्टी काढून साधा होल्डर लावला की झालं. माणूस आला की पेटतो, गेल्यावर थोड्या वेळात आपोआप विझतो. सेन्सर अंगाची हलती उष्णता ओळखतो, म्हणून मे महिन्याच्या उकाड्यात जरा जवळ गेल्यावरच जागा होतो. काचेपलीकडचं त्याला कळत नाही, तेव्हा काचेच्या ग्लोबात घालू नका. मांजर गेली तरी पेटतो, चालायचंच. तळमजल्याच्या काकू दारात भाजी निवडत बसतात, त्यांच्यावर मात्र सारखा अंधार पडायला लागला. तिथे साधा एलईडी ठेवलाय.

महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांच्या युनिटचा आलेख असतो. त्याची झेरॉक्स मीटरपेटीजवळ चिकटवली. माझ्या भाषणांनी जे झालं नाही ते त्या कागदानं केलं. दुसऱ्या मजल्यावरचे सर स्वतःहून विचारायला आले, "ताई, घरातले पंखेपण बदलू का?" साधा पंखा 75 वॉटचा, बीएलडीसी (कमी वीज खाणाऱ्या मोटरचा) 30 च्या आसपास. बदला म्हटलं.

गच्चीवर मात्र हे बल्ब नकोत, पावसात भिजण्यासाठी ते केलेले नाहीत.