स्पीकर बंद झाल्यावर कळलेला कीबोर्ड

आमच्या बँडसाठी ६१ कीजचा साधा पोर्टेबल कीबोर्ड घेतला, त्याला आता आठ महिने झाले. घेताना मी त्याची जी परीक्षा घेतली होती ती आठवली की हसू येतं. त्याच्याच स्पीकरवर पियानो वाजवला, मग बासरी, मग व्हायोलिन. दोन-चार रिदम लावून पाहिले, सहाशेच्या वर टोन आहेत हे वाचलं आणि भारावून गेले. आज मोजले तर स्टेजवर त्यातले सात टोन लागतात. रिदम एकही नाही, आमच्याकडे ड्रमर आहे. आणि ते गोड स्पीकर तर पहिल्याच कार्यक्रमात मुके झाले, कारण आवाज बाहेर काढायला याला एकच वाट आहे, हेडफोनचं सॉकेट. त्यात पिन घातली की आतले स्पीकर बंद. मॉडेलचं नाव लिहीत नाही, या गटातल्या बऱ्याच कीबोर्डांची रचना अशीच असते.

या सॉकेटने मला पहिले दोन महिने छळलं. पहिल्या वेळी कुणीतरी गिटारची साधी मोनो वायर हातात दिली, मी लावली. हेडफोनचं सॉकेट स्टिरिओ, म्हणजे डावा-उजवा अशा दोन चॅनलचं असतं, त्यात एकाच चॅनलची मोनो पिन गेली की उजवा चॅनल थेट ग्राउंडला टेकतो. उजव्या बाजूचा आवाज जातोच, वर आतल्या सर्किटवर ताण पडतो. पुढच्या वेळी शहाणी होऊन स्टिरिओच्या दोन मोनो पिना करणारी वाय वायर नेली आणि दोन्ही बाजू मिक्सरला दिल्या. साउंडवाल्याने त्या मोनोत एकत्र केल्या आणि पियानो असा पोकळ झाला, जणू कुणी पत्र्याच्या डब्यात बसून वाजवतंय. डाव्या-उजव्या बाजूचे सूर एकमेकांत मिसळताना काही ठिकाणी एकमेकांना खोडतात, त्याचा हा परिणाम. गंमत म्हणजे घरी हेडफोनवर जो टोन सगळ्यात भरदार वाटायचा, तोच इथे सगळ्यात पातळ निघाला. आता मी फक्त डावी बाजू देते, तीही डीआय बॉक्समधून, म्हणजे वाद्याचा आवाज मिक्सरला जुळेल असा करून देणाऱ्या छोट्या डबीतून. लांब वायरीतली घूं घूं त्याच्या ग्राउंड लिफ्टच्या, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणाऱ्या बटणाने गेली. व्हॉल्यूम पाऊणाच्या थोडा खाली ठेवून नॉबवर पांढऱ्या पेनाने खूण केली आहे, कारण हेडफोनच्या सॉकेटातून जाणारा आवाज त्याच नॉबवर कमी-जास्त होतो. गाण्याच्या मध्ये मी तो हलवला की साउंडवाल्याची सगळी मांडणी विस्कटते.

टोन निवडण्याची दृष्टीही बदलली. एकटीने वाजवताना सुंदर वाटणारा ग्रँड पियानो गिटार आणि झांजांच्या गर्दीत बुडतो. त्यापेक्षा जरा टणक, चमकदार पियानो चांगला ऐकू येतो. कीबोर्डचा रिव्हर्ब, म्हणजे कृत्रिम घुमारा, मी बंदच ठेवते, हॉल स्वतःचा घुमारा देतोच. आणि डावा हात आवरला. खालच्या सप्तकात मी भरभरून वाजवायचे तेव्हा बास गिटारवाला नुसता बघायचा. तो तिथे असताना माझं तिथे काम नव्हतं. ८८ कीज नाहीत याची खंत त्या दिवशी संपली.

पॉलिफनी, म्हणजे एका वेळी वाजू शकणाऱ्या सुरांच्या जागा, ४८. आकडा मोठा वाटतो, पण स्टिरिओ पियानोचा एक सूर दोन जागा खाऊ शकतो. त्यावर स्ट्रिंग्जचा तसाच दुसरा थर चढवला तर चार. म्हणजे एका वेळी बाराच सूर. सूर लांबवणारं सस्टेन पेडल दाबून धरलं की बारा सूर चुटकीसरशी भरतात आणि जुने गुपचूप तुटतात. संथ गाण्यात हे कानाला लागतं, म्हणून तिथे मी थर लावतच नाही.

बोटं न बदलता पट्टी वर-खाली करणारं ट्रान्सपोजचं बटण वरदान आहे आणि शापही. आमच्या गायिकेचा आवाज बसला होता, तिने ऐन वेळी पांढरी चार पट्टीवरून काळी दोनवर गाणं उतरवलं. मी ते बटण दोन अर्धस्वर खाली दाबून मोकळी झाले, बोटं नेहमीच्याच जागी. गाणं छान झालं. पुढचं गाणं मात्र मी त्याच उतरलेल्या पट्टीत सुरू केलं आणि बाकीचे मूळ पट्टीत. त्या चार मात्रांचं रेकॉर्डिंग बँडमध्ये अजून फिरतं! आता प्रत्येक गाण्याचा टोन आणि ट्रान्सपोज दोन्ही मिळून रजिस्ट्रेशन मेमरीत, म्हणजे एका बटणाने परत येणाऱ्या साठवलेल्या मांडणीत ठेवते. घेणाऱ्याने टोनच्या संख्येआधी हे पाहावं: किती जागा आहेत, आणि ट्रान्सपोज त्यात साठतो का. माझ्यात साठतो. एक खोट आहे. टोन बदलला की आधीचा घुमत असलेला सूर कापला जातो, त्यामुळे बदल श्वासाच्या जागीच करावा लागतो.

दुसरी फजिती निवेदनाच्या वेळी झाली. पाहुण्यांचं भाषण लांबलं, अर्धा तास कुणी काही वाजवलं नाही, आणि कीबोर्ड वीज वाचवायला आपण होऊन झोपला. आम्हाला कळलं ते गाणं सुरू केल्यावर. माझ्या मॉडेलमध्ये सगळ्यात डावीकडची की दाबून ठेवून चालू केलं की ही सवय सुटते. तशीच पेडलची: चालू करताना पाय पेडलवर असेल तर ते उलटं वागतं, पाय उचलला की सूर लांबतो.

पिच बेंडचं, म्हणजे वाजता सूर वर-खाली वळवणारं चाक असलेलाच घ्या. बासरीच्या टोनवर मींडेचा आभास त्याच्याशिवाय होत नाही. माझं चाक जरा हलकं आहे, पण काम देतं.

टिकाऊपणाचं बोलायचं तर कीजना काही झालेलं नाही. वजन इतकं कमी की एका खांद्यावर कीबोर्ड आणि दुसऱ्या हातात स्टँड घेऊन मी जिने चढते. कमकुवत जागा अॅडॉप्टरच्या पिनेची. कुणाचा पाय वायरीत अडकला की पिन निसटते आणि सगळं शांत. वायरीला एक वेढा देऊन ती स्टँडला चिकटपट्टीने बांधते, आणि बॅटऱ्या आत भरलेल्या असतात.

रिदमच्या स्टार्ट बटणावर मी बाटलीचं झाकण चिकटवलं आहे. एका हळुवार गाण्यात कोपर लागून तिथून पूर्ण आवाजात डिस्को सुरू झाला होता. ड्रमर अजून मला विचारतो, "आज मी येऊ, की तुझा तो येणारे?"