ग्रुप, ॲप की वही: पालकांना कळवायचं कशावर?

नवा वर्ग हातात आला की पहिल्याच आठवड्यात हे ठरवायला हवं, पण बहुतेक वेळा आपण ते ठरवतच नाही. आदल्या वर्षीच्या बाईंनी केलेला ग्रुप तयार असतो, त्यात आपल्याला ॲडमिन केलं जातं आणि विषय संपतो. मीही बरीच वर्षं तसंच चालवलं. मग दोन वर्षं ॲप वापरलं, आणि गेली तीन वर्षं वहीवर आलोय. तेव्हा लिहिणारा तटस्थ नाही हे आधीच सांगतो. माझा वर्ग चौथीचा, मुलं छत्तिसाच्या आसपास. तुमचा नववीचा असेल तर यातलं बरंचसं तुम्हाला लागू होणार नाही.

आधी ग्रुप. खुला ग्रुप ठेवायचा की नाही यावर मी वेळ घालवत नाही. एक सूचना टाकली की तिच्याखाली 'ओके सर', जोडलेले हात, कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, आणि रात्री नऊला ज्याला खरंच सूचना हवी आहे तो विचारतो, 'सर, उद्या काय आणायचंय?' फक्त ॲडमिननं लिहायची सोय व्हॉट्सॲपवर २०१८ पासून आहे. ती पहिल्याच दिवशी लावा. मध्येच लावली तर पालकांना दार तोंडावर लावल्यासारखं वाटतं, आणि ते चूकही नाही.

ग्रुपमध्ये सगळ्यांचे नंबर सगळ्यांना दिसतात, याचं काही घरांना खरंच ओझं होतं. त्यांच्यासाठी ब्रॉडकास्ट यादी बरी. एका यादीत २५६ जण मावतात, निरोप प्रत्येकाला वेगळा मिळतो आणि उत्तर फक्त तुमच्याकडे येतं. मात्र ज्यानं तुमचा नंबर फोनमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्ट पोचत नाही. म्हणून पहिल्या पालकसभेत सगळ्यांना तिथल्या तिथे नंबर सेव्ह करायला लावायचा. थोडं हास्यास्पद दिसतं, पण लावायचा. वही नसती तर मी ब्रॉडकास्टवरच थांबलो असतो. माझे दोन सहकारी तिथंच आहेत आणि त्यांचं काही अडत नाही.

पण हे झालं सूचनांचं. मुलाची प्रगती ग्रुपवर सांगायची नसते, हे मी शिकलो ते माझ्याच चुकीतून. फार पूर्वी एका चाचणीचे गुण मी यादी करून ग्रुपवर टाकले होते. वेळ वाचला म्हणून खूशही होतो. दोन दिवस कुणी काही बोललं नाही. तिसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, "सर, शेजारच्या काकूंना माझे मार्क माहीत आहेत." तक्रार नव्हती, नुसतं सांगत होता. त्यानंतर एकाही मुलाचं नाव मी ग्रुपवर लिहिलं नाही, कौतुकाचंसुद्धा.

आता ॲप. इथं मी जरा हात राखून बोलणार, कारण मला जमलं नाही म्हणून ते वाईट असं होत नाही. गुगल क्लासरूममधून पालकांना रोज किंवा आठवड्याला ईमेल जाते, तिच्यात कुठलं काम राहिलंय, पुढं काय येतंय आणि वर्गात काय घडलं हे असतं. गुण नसतात, आणि ते मला बरंच वाटतं. त्यासाठी शाळेचं शैक्षणिक खातं लागतं. क्लासडोजोत शिक्षकाचा निरोप पालकांच्या भाषेत भाषांतरित होतो. वर्गात चार भाषांची घरं असतील तर ही एकच सोय बाकी सगळ्यावर मात करेल, मग माझी वहीबिही विसरा. सीसॉसारख्या ॲपवर मूल स्वतःच्या कामाचा फोटो किंवा स्वतःचा आवाज ठेवू शकतं. पहिल्या महिन्यात अडखळत वाचलेला उतारा आणि चौथ्या महिन्यातला तोच उतारा पालकांनी लागोपाठ ऐकला, की आपल्याला काही सांगावं लागत नाही. वहीला हे कधीच जमणार नाही.

मी कुठलं ॲप वापरलं ते सांगत नाही, कारण दोष ॲपचा नव्हता. पासवर्ड, बदललेला फोन, भरलेली मेमरी, हे सगळं ओलांडून जे पालक आले ते तसेही येणारेच होते. वहीच्या कडेला दोन ओळी लिहिल्या असत्या तरी त्यांनी वाचल्या असत्या. ज्यांच्यासाठी मी एवढी खटपट केली ती सहा-सात घरं शेवटपर्यंत आलीच नाहीत. दुसरं म्हणजे वर्तनाचे गुण लगेच घरी कळवणारी सोय काही ॲपवर असते, ती मला मानवली नाही. अकरा वाजता केलेला खोडकरपणा अकरा वाजून पाच मिनिटांनी घरी कळतो आणि संध्याकाळी मूल पोचतं तेव्हा निकाल लागलेला असतो. पोराला स्वतःच्या तोंडानं सांगायची संधी तरी ठेवावी.

तरी यातल्या कशानं मी ग्रुप किंवा ॲप सोडलं नसतं. सोडलं ते एका बारीकशा कटकटीमुळे.

कागदकामासाठी जुनी वर्तमानपत्रं हवी होती. आदल्या संध्याकाळी ग्रुपवर टाकलं. मेसेजची माहिती उघडून पाहिली तर चार घरं सोडून सगळ्यांनी वाचलेलं. (एखाद्यानं निळ्या टिका बंद ठेवल्या तरी ग्रुपमध्ये त्या दिसतातच, त्यामुळे ही माहिती बऱ्यापैकी भरवशाची.) दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रं आली नऊ. रागावलो नाही, पण एकेकाला विचारत गेलो. एकीचे बाबा रात्री उशिरा आले, तोवर ती झोपली होती. एकाची आई सकाळी सहालाच कामावर जाते. एकाचं दप्तर आजी भरते आणि आजीकडे फोनच नाही. एक म्हणाला, "आईनं वाचलं असेल, पण मला कुठं माहीत होतं?"

म्हणजे माझा निरोप फोनला पोचत होता, घराला पोचत नव्हता. फोन एकाच माणसाचा असतो आणि तो माणूस बहुधा त्या वेळी घरी नसतो. ज्याला वर्तमानपत्र न्यायचं होतं त्या मुलालाच मी काही सांगितलं नव्हतं. वर्ग सुटल्यावर आठवलं म्हणून ग्रुपवर टाकलं, कारण ग्रुप होता. तो नसता तर वर्ग सुटायच्या आधीच आठवण ठेवली असती. एकदा हे लक्षात आल्यावर प्रत्येक निळी टिक मला डिवचायला लागली. आधी तिच्यामुळे निश्चिंत वाटायचं, आता वाटायचं की हिच्यामुळेच मी पुढचं काही करत नाही.

पंधरा दिवसांनी वाळकी पानं हवी होती. या वेळी फळ्यावर लिहिलं, मुलांनी आपापल्या हातानं वहीत उतरवून घेतलं, घरून सही आणायला सांगितली. पानं तिसांहून जास्त मुलांनी आणली. हा काही प्रयोग नव्हे. वाळकी पानं वर्तमानपत्रापेक्षा सोपी असतील, किंवा मुलांना ती जास्त आवडत असतील. पण मला तेवढं पुरलं.

वहीचं माझं कसं चालतं ते सांगतो. साधी एकरेघी वही, डावं पान माझं, उजवं घराचं. सूचना मुलं स्वतः लिहितात. चौथीच्या मुलांना ते जमतं, पहिली-दुसरीला छापील चिठ्ठी चिकटवावी लागेल. प्रगतीचं वाक्य मात्र मी लिहितो, प्रत्येक मुलाला आठवड्यातून एकच. छत्तीस मुलं म्हणजे रोजच्या सात वह्या, एखाद्या दिवशी आठ. 'अभ्यासात लक्ष द्यावे' हे वाक्य मी स्वतःला बंद केलंय. त्याऐवजी, 'हातच्याच्या बेरजेत हातचा मिळवायला विसरायची, आज पाचपैकी चार उदाहरणांत मिळवला.' किंवा, 'वाचताना स्वल्पविरामाला थांबत नाही. घरी एक परिच्छेद थांबत थांबत वाचायला सांगा.' आठवड्याभरात एखाद्याबद्दल लिहायला काहीच सुचलं नाही, तर त्याच्याकडे माझं लक्षच गेलेलं नाही हे मला कळतं. असं महिन्यातून दोन-तीनदा होतं. ग्रुप चालवताना हे कधी कळलंच नव्हतं.

एक अडचण आपल्या भाषेतच आहे. 'शेरा मिळाला' म्हटलं की घरात काळजी सुरू होते. शाळेची वही वर्षानुवर्षं तक्रारीसाठीच उघडली गेली, तर होणारच. म्हणून पहिले तीन आठवडे मी फक्त खरं आणि चांगलं लिहितो, आणि लाल पेन वापरत नाही. चौथ्या आठवड्यात उणी बाजू लिहिली तरी कुणी दचकत नाही. चांगलंच लिहीत राहायचं असंही नाही. क्राफ्ट आणि रॉजर्स या अमेरिकन संशोधकांचा २०१५ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. उन्हाळी वर्गात राहिलेला विषय पुन्हा करणाऱ्या हायस्कूलच्या मुलांच्या घरी दर आठवड्याला एका वाक्याचा निरोप गेला, तेव्हा विषय पूर्ण न करू शकलेल्यांचं प्रमाण १५.८ टक्क्यांवरून ९.३ टक्क्यांवर आलं. आणि नुसत्या कौतुकापेक्षा 'काय सुधारायला हवं' सांगणाऱ्या निरोपांचा परिणाम जास्त दिसला. आता प्रामाणिकपणे सांगायचं तर त्या अभ्यासात वही नव्हतीच. निरोप फोन, एसएमएस, ईमेल असे जायचे. म्हणजे खरी किंमत त्या एका वाक्याची, वाहनाची नाही, असं कुणी म्हटलं तर माझ्याकडे उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की फोनवर मी वाक्य 'टाकतो' आणि एकदा टाकायला लागलो की तेच वाक्य छत्तीस जणांना जातं. वहीत प्रत्येक वेळी पेन उचलावं लागतं.

परत काय येतं, यातही फरक पडला. ग्रुपवर प्रश्न यायचे ते कधी, किती, कुठला गणवेश असे. वहीच्या उजव्या पानावर एका घरानं चार महिने नुसती सही केली आणि मग एके दिवशी लिहिलं, 'घरी मोठ्यानं वाचतो, पण कुणी आलं की थांबतो. वर्गात वाचतो का?' हा प्रश्न कुणी चाळीस जणांच्या ग्रुपवर विचारणार नाही. कदाचित मला एकट्याला मेसेज करूनही विचारला नसता, कारण शिक्षकाला मेसेज करायचा म्हणजे काहीतरी कारण लागतं. वही समोर उघडीच होती.

आता वहीचे दोष. ती हरवते, भिजते, मधलं पान सफाईनं नाहीसं होतं. सह्याही होतात. एका चिरंजीवांनी आईच्या सहीच्या जागी सुवाच्य अक्षरात 'आई' असंच लिहून आणलं होतं. घरात वाचू शकणारं कुणी नसेल तर अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज वहीपेक्षा कितीतरी चांगला, कारण वही मुलानंच वाचून दाखवायची झाली तर तो हवं तेवढंच वाचतो. आई-वडील वेगळे राहत असतील तर वही एकाच घरी जाते, तेव्हा मी त्या पानाचा फोटो दुसऱ्या घरी पाठवतो. ते आठवणीनं करावं लागतं आणि दोनदा माझ्याकडून राहून गेलंय. मोठी मुलं वही नेणार नाहीत, आणि नेली तरी दाखवणार नाहीत. एक विषय घेऊन पाच तुकड्या शिकवणाऱ्यानं तर या वाटेला जाऊच नये. दीडशे-दोनशे मुलांना वहीत वाक्यं लिहिणं माणसाचं काम नाही, तिथं ॲपच बरं. तुम्ही वर्गशिक्षक असाल आणि मुलं तिसरी ते सहावीतली असतील, तर मात्र एक सत्र वही करून पाहा असं मी सुचवेन. नाही जमलं तर ग्रुप कुठं पळून जात नाही.

तो बंदही करू नका. शाळा लवकर सुटणार आहे, सहलीची बस अडकलीये, हे वहीतून कळवता येत नाही. माझा ग्रुप अजून आहे, फक्त ॲडमिननं लिहायचा, महिन्यात चार-पाच निरोपांचा. कमी वाजतो म्हणून वाजला की लोक बघतात. वहीच्या पहिल्या पानावर माझा नंबर आणि मी फोन उचलतो ती संध्याकाळची एक तासाची वेळ लिहिलेली असते.

वेळेचं म्हणाल, तर सात वह्यांना मला वीस मिनिटं लागतात. पहिल्या महिन्यात चाळीस लागायची. पाच वह्या मधल्या सुट्टीत होतात, उरलेल्या दोन मुलं गृहपाठ उतरवून घेत असताना. घरी मी एकही नेत नाही, कारण एकदा नेली होती आणि दुसऱ्या दिवशी ती माझ्याच टेबलावर राहिली.