‘ओरिजिनल प्लास्टिक’ म्हणून विकलेले रेझिनचे सुपरहीरो

सेकंडहँड मिनिएचर, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या मूर्ती, घेऊन रंगवणाऱ्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितोय. माझी आणि माझ्या भाचीची फसवणूक झाली आहे आणि फसवणारा माणूस अजून विक्री करतोय.

‘मार्व्हल : क्रायसिस प्रोटोकॉल’ हा टेबलटॉप गेम २०१९ साली आला. त्याच्या पहिल्या मूळ पेटीत दहा पात्रं आहेत. कॅप्टन अमेरिका, आयर्न मॅन, स्पायडर-मॅन, ब्लॅक विडो, कॅप्टन मार्व्हल एका बाजूला आणि रेड स्कल, अल्ट्रॉन, डॉक्टर ऑक्टोपस, बॅरन झेमो, क्रॉसबोन्स दुसऱ्या बाजूला. सगळी कडक प्लास्टिकची, आपण जोडायची आणि आपण रंगवायची. वॉरहॅमर या दुसऱ्या अशाच खेळातल्या साध्या सैनिकापेक्षा ही पात्रं चांगलीच उंच, त्यामुळे नवख्या हातालाही चेहरा आणि चुण्या रंगवायला वाव मिळतो. भाची आठवीत आहे, तिला शिकवायला हाच सेट हवा होता. नवी पेटी बाहेरून मागवायची तर कुरिअर आणि कस्टम्स धरून रक्कम फार वर जाते. दिवाळीत मिळालेले पैसे तिने जपून ठेवले होते, उरलेले मी घातले.

विकणारा मराठी बोलणारा, नम्र, प्रत्येक वाक्यात ‘दादा’. पेटी शिफ्टिंगमध्ये फाटली, कार्डं आणि फासे हरवले, मिनिएचर मात्र नवीकोरी, एकालाही रंग लागलेला नाही, असं त्याचं म्हणणं. मी स्पष्ट विचारलं, प्लास्टिकच आहे ना? रीकास्ट, म्हणजे मूळ मिनिएचरवरून साचा काढून ओतलेली नक्कल, नाही ना? ‘शंभर टक्के ओरिजिनल प्लास्टिक, दादा.’ स्प्रू कुठे आहेत, म्हणजे ज्या फ्रेममध्ये सुटे भाग जोडून येतात त्या? तर म्हणाला, भाग कापून फ्रेम टाकून दिल्या. फोटो पाठवले ते खरंच मूळ प्लास्टिकचे होते, कापल्याच्या खुणा नीट दिसत होत्या. साडेपाच हजार रुपये यूपीआयने गेले आणि पार्सल वेळेवर आलं.

फोटोतला माल त्या पार्सलमध्ये नव्हताच.

पहिली शंका आली ती डॉक्टर ऑक्टोपसमुळे. त्याचा एक यांत्रिक हात खांद्याला लावून बघताना कट्टकन तुटला आणि तुटलेल्या जागी मोहरीएवढी पोकळी दिसली. इंजेक्शन मोल्डिंगच्या प्लास्टिकमध्ये अशी पोकळी सहसा सापडत नाही. कंपनी स्टीलच्या साच्यात दाबाने वितळलेलं पॉलिस्टायरीन हे प्लास्टिक भरते. रीकास्टवाला मूळ मिनिएचर घेऊन त्याचा सिलिकॉनचा साचा काढतो आणि त्यात दोन द्रव भाग मिसळून केलेलं, नंतर घट्ट होणारं रेझिन ओततो, त्यात हवा अडकली की बुडबुडा राहतो. मग मी प्लास्टिक ग्लू लावून पाहिला. हा ग्लू पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग विरघळवून दोन तुकडे एकजीव करतो. इथे तो नुसता ओला राहिला, भाग घसरून पडला. शेवटी ब्लेडने कडेची मोल्ड लाइन, म्हणजे साच्याच्या सांध्याची रेघ, खरवडली. प्लास्टिक असतं तर बारीक कुरळी साल निघाली असती. माझ्या कटिंग मॅटवर पांढरी भुकटी पडली. ही भुकटी छातीत जाणं वाईट, म्हणून ज्यांच्याकडे असा माल आला असेल त्यांनी तो ओला करून घासा आणि मास्क लावा. घरात मूल शेजारी बसून रंगवत असेल तर हे फार महत्त्वाचं आहे, आणि विकणाऱ्याने हेच लपवलं याचा मला पैशापेक्षा जास्त राग आहे.

तोवर भाचीने तिच्या घरी कॅप्टन अमेरिका पूर्ण केला होता. त्याचे भाग जाड, फेविक्विकने जोडले गेले, त्यामुळे तिला काही जाणवलं नाही. काळा प्रायमर (रंग धरावा म्हणून दिलेला पहिला थर), त्यावर निळा बेसकोट, चुण्यांमध्ये वॉश (पातळ गडद रंग), कडांना फिकट रंगाचा हायलाइट. ढालीवरचा तारा तर तिने श्वास रोखून ट्रिपल झिरोच्या अगदी बारीक ब्रशने भरला. त्या ताऱ्याच्या कडा मुळातच बोथट होत्या, साच्यावरून साचा काढताना असा बारकावा जातो, तरी तिने पांढऱ्याची रेघ सरळ आणली. आणि मग मला दाखवायला हातात धरून आणताना अंगठ्याखाली रंगाचा आख्खा पापुद्रा निघून आला. खाली करडं, तेलकट रेझिन. ‘मामा, मी काय चुकवलं?’ तिने विचारलं. तिने काहीच चुकवलं नव्हतं. साच्यातून माल सुटावा म्हणून लावलेलं रिलीज एजंट धुतलेलंच नव्हतं. रेझिन असेल तर प्रायमरआधी कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासावंच लागतं, आणि प्लास्टिक म्हणून हातात दिलेल्या मालाबाबत हे कोणी करायला जाणार नाही.

विकणाऱ्याला फोटो पाठवले. त्याचं उत्तर तयार होतं, ‘दादा, पावसाळ्यात प्रायमर असाच सुटतो.’ हे उत्तर तो बाकीच्यांनाही देत असणार म्हणून सांगतो. दमट हवेत स्प्रे मारला तर प्रायमर खरखरीत होतो, धुरकट पडतो, बारीक वाळू चिकटल्यासारखा दिसतो. रंगाचे पापुद्रे सुटतात ते खालचा पृष्ठभाग तेलकट असतो तेव्हा. शिवाय प्लास्टिक ग्लू न धरण्याचा पावसाशी काय संबंध? हे विचारल्यावर तो एकदम पैसे परत द्यायला राजी झाला आणि एक क्यूआर कोड पाठवला, स्कॅन करून पिन टाका, रक्कम जमा होईल. यूपीआयमध्ये पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन टाकला की पैसे आपल्याच खात्यातून जातात. मी नकार दिला, तसं त्याने ब्लॉक केलं. म्हणजे माल खोटा देऊन झाल्यावर परताव्याच्या नावाने दुसऱ्यांदा लुटायचीही तयारी होती.

रेझिन म्हणजे खोटं, असा समज मात्र करून घेऊ नका. वॉरहॅमरवाली गेम्स वर्कशॉप कंपनी स्वतः रेझिनची मिनिएचर विकते. थ्रीडी प्रिंटरवर स्वतःच्या डिझाइनचे योद्धे आणि ड्रॅगन छापून, तसं सांगून विकणारे कष्टाळू लोक आपल्याकडेही आहेत. त्यांच्याकडून जरूर घ्या. दुसऱ्याच्या शिल्पावरून साचा काढायचा, मूळ शिल्पकाराला काही द्यायचं नाही आणि गिऱ्हाइकाला मूळ प्लास्टिकच्या भावात ते खपवायचं, ही चोरी आहे. वॉरहॅमर घेणाऱ्यांना तर आणखी एक फटका बसतो. कंपनीच्या स्वतःच्या स्पर्धांमध्ये असली मिनिएचर चालत नाहीत.

मी १९३० या हेल्पलाइनवर फोन केला आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवली. यूपीआय व्यवहाराचा क्रमांक, चॅटचे स्क्रीनशॉट, पार्सलवरचं लेबल, सगळं जोडलं. पैसे अजून आलेले नाहीत. हा फोन लगेच करायचा असतो, रक्कम समोरच्या खात्यात असेपर्यंतच ती गोठवता येण्याची शक्यता राहते.

आता तोच माणूस वेगळ्या नावाने तेच फोटो टाकून विकतोय. हिरव्या कटिंग मॅटवर डॉक्टर ऑक्टोपसचे चार हात ओळीने मांडलेले आणि कोपऱ्यात झाकण उघडी रंगाची डबी, असा तो फोटो आहे. कोणी असा सेट दाखवला तर आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी मिनिएचरशेजारी ठेवून नवा फोटो मागा, आणि एका भागाच्या कडेवर ब्लेड फिरवतानाचा छोटा व्हिडिओही मागा. ज्याच्याकडे खरं प्लास्टिक आहे त्याला हे करायला दोन मिनिटं लागतात. मी दुसऱ्या नंबरवरून त्याच्याकडे हेच मागितलं, तर त्याने आधी कॅमेरा बिघडल्याचं सांगितलं आणि संध्याकाळपर्यंत तोही नंबर ब्लॉक केला.