एलिव्हेशन नंतर, आधी सेक्शन : टिळकवाडीतल्या आर्किटेक्टकडनं घर काढून घेतलं त्याचा रिव्ह्यू

बेळगावच्या अनगोळात आमचं घर झाल्यापासनं बघायला येणाऱ्या बहुतेकांचा प्रश्न एकच असतोय, एलिव्हेशन, म्हणजे समोरनं घर कसं दिसणार ते चित्र, कुणाकडनं काढलासा? फोनवर तेच, लग्नात भेटले तरी तेच, म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो. टिळकवाडीत एका जुन्या घराच्या माडीवर दोन आर्किटेक्टचं छोटं ऑफिस आहे, एक मॅडम आणि त्यांचे पार्टनर, त्यांच्याकडनं आम्ही ३० बाय ४० फुटांच्या साइटवर, म्हणजे प्लॉटवर, घर काढून घेतलं. हातात कामं भरपूर आहेत, उगाच फोन नकोत असं त्याच म्हणाल्या म्हणून नाव इथं टाकत नाही, पाहिजे असेल त्यानं मला विचारा. रिव्ह्यू मनापासनं चांगला आहे, तक्रारी आहेत त्या पण खाली लिहिल्यात.

आधी दादानं एक ऑनलाइन पॅकेज घेतलेलं. साइटची मापं व्हॉट्सअपला पाठवायची, पैसे भरायचे, की थोड्या दिवसांत थ्रीडी चित्र हातात. चित्र झक्कास होतं यात वाद नाही, दोन मजली उंच काच, भिंतीवर लाकडाच्या रंगाचं क्लॅडिंग (वरनं चढवलेलं आवरण), एसीपी म्हणजे ॲल्युमिनियमच्या शीटची काळी फ्रेम, रात्रीचे लाइट, दारात पांढरी गाडी. पण एकाही खिडकीवर छज्जा नाही, रस्त्याकडची पश्चिम बाजू सगळी काच आणि वर सपाट स्लॅब. आता बेळगावात पावसाळाभर पश्चिमेकडनं झड लागली की काय होतंय हे इथल्या माणसाला सांगायला नको, भिंतीला बुरशी, कपाटातल्या कपड्यांना वास, खिडकीच्या कोपऱ्यात शिरलेली ओल दिवाळीपर्यंत वाळत नाही. ते चित्र कुठल्याही गावाला चाललं असतं, कारण काढणाऱ्यानं पाऊस कुठनं येतो हे विचारलंच नव्हतं. चित्र विकणं आणि घर डिझाइन करणं हे दोन वेगळे धंदे आहेत हे माझं आता पक्कं मत झालंय.

मॅडम पहिल्यांदा थेट साइटवर आल्या आणि माप घ्यायच्या आधी आईला विचारलं, "काकू, जुन्या घरात पावसाचं पाणी कुठपर्यंत आत यायचं?" आई म्हणाली, "कुठपर्यंत म्हणजे, पश्चिमेचं दार उघडं राहिलं तर देव्हाऱ्यापर्यंत की." ते त्यांनी वहीत लिहून घेतलं. शेजारच्या दोन्ही घरांची उंची बघितली, त्यांच्या गच्चीचं पाणी कुठं पडतं ते बघितलं. पुढच्या भेटीला पिवळ्या ट्रेसिंग पेपरवर पेन्सिलीनं काढलेला सेक्शन समोर ठेवला, म्हणजे घर वरनं खालपर्यंत उभं कापलं तर आत जे दिसेल ते. त्यात पावसाच्या तिरक्या रेघा, एप्रिलमधलं दुपारचं ऊन कुठवर पोचतं, गरम हवा कुठनं बाहेर जाईल त्याचे बाण, आणि जिन्यावर उभा एक माणूस. समोरनं घर कसं दिसणार हे कागदावर कुठंच नाही. बाबा जरा नाराज झाले, "एलिव्हेशन कधी दाखवणार?" तर म्हणाल्या, "काका, हे ठरू दे, मग ते दाखवते."

मला जगभरातली घरं बघायचा नाद आहे, फोन तसल्या फोटोंनी भरलेला असतोय, आणि मी ते एकेक करून त्यांच्यापुढं धरत होतो, असलं पाहिजे, तसलं पाहिजे. त्यांनी हसण्यावारी नेलं नाही, उलट प्रत्येक घर आतनं कसं चालतं ते काढून दाखवलं, आणि ह्या सर्व्हिसमधला मला सगळ्यात आवडलेला भाग हाच. आपले भारतातले आर्किटेक्ट चार्ल्स कोरिया, त्यांचं अहमदाबादचं ट्यूब हाउस घ्या, १९६१-६२ चं, कमी उत्पन्नवाल्या लोकांसाठी केलेलं, जेमतेम १२ फूट रुंद. बाहेरनं बघितलं तर डोळ्यात भरावं असं काही नाही. पण सेक्शन बघा, आतलं छत तिरकं चढत जातं, गरम हवा त्याला धरून वर सरकते आणि माथ्यावरच्या फटीतनं निघून जाते, खालनं ताजी हवा ओढली जाते, पंख्याशिवाय. १९९५ मध्ये ते पाडलं, वाईट वाटतं. जपानी आर्किटेक्ट तादाओ आंदोचं ओसाकातलं १९७६ चं अझुमा हाउस पण तसंच, साधारण ११ फूट रुंदीची काँक्रीटची पेटी, रस्त्याकडं एक दार सोडलं तर खिडकीच नाही, आणि घराचा मधला तिसरा हिस्सा आकाशाला उघडा. फोटोत बघून लोक थक्क होतात, पण पाऊस पडताना बेडरूममधनं बाथरूमला जायचं तर त्या उघड्या चौकातनं छत्री घेऊन जावं लागतं! मॅडम म्हणाल्या, चौक घ्या, चौक आपल्याकडं वाड्यात होताच, पण आंदोंचा तसाच उचलून बेळगावात टाकला तर काकू चार महिने छत्री धरून फिरतील. आमचा चौक मग वरनं झाकलेला झाला, काच आणि काचेच्या खाली चारी बाजूंनी जाळीची फट, उजेड आणि वारा दोन्ही मिळतात, पाणी नाही.

सपाट छताचं भूत उतरलं ते व्हिला सावॉयमुळं. पॅरिसजवळच्या प्वासीमधलं, आर्किटेक्ट ल कॉर्ब्युझिएचं हे सपाट छताचं घर १९३१ ला पुरं झालं, पांढरं, खांबांवर उचललेलं, आजपण जगातल्या प्रत्येक आर्किटेक्चर कॉलेजात शिकवतात, आणि घराच्या मालकीण सावॉय बाई राहायला गेल्यावर छत गळतंय म्हणून वर्षानुवर्षं आर्किटेक्टला पत्रं लिहीत होत्या. अमेरिकेतलं १९५१ चं फार्न्सवर्थ हाउस, मीस व्हॅन डर रोह ह्या आर्किटेक्टचं, चारी बाजूंनी काच, नदीकाठी म्हणून घराची फरशी पाच फुटांपेक्षा वर उचललेली, तरी १९५४, १९९६ आणि २००८ ला पुराचं पाणी आत शिरलं. आपल्याकडं २०१९ च्या ऑगस्टमध्ये नदीकाठच्या गावांत किती घरं पडली ते डोळ्यासमोर आहे, त्यामुळं हे ऐकताना मला ते लांबचं अमेरिकेतलं वाटलंच नाही. ही घरं थोर आहेत, मी अजून त्यांचे फोटो बघत बसतो. पण ज्या घराचा फोटो आपण बांधायला घेतो तिथं पाऊस किती आणि कुठल्या बाजूनं येतो एवढं तरी बघायला पाहिजे.

आमच्या घराला खरा उपयोगी पडला तो कोरियांचाच मुंबईचा कांचनजंगा टॉवर, १९८३ चा. फ्लॅटच्या कोपऱ्यात दोन मजली उंच व्हरांडे कोरलेत, खोली आणि पश्चिमेचं ऊन-पाऊस यांच्या मधे एक मोकळी जागा. बेळगावच्या कॅम्पातल्या (लष्करी भागातल्या) जुन्या बंगल्यांना चारी बाजूंनी व्हरांडा असायचा तो ह्याचसाठी. आम्हाला पश्चिमेला खाली-वर मिळून तसा एक उंच व्हरांडा मिळाला, साइट लहान असल्यामुळं हॉल चार फूट कमी झाला, दादाला ते अजून खटकतंय, मला नाही. व्हरांड्याच्या मागची भिंत जांभ्याच्या चिऱ्यांची, गिलावा न करता तशीच सोडलेली, वर उतरतं छप्पर आणि मंगलोरी कौलं. बाबा आधी म्हणत होते की कौलं म्हणजे गरिबीचं लक्षण, नवीन घराला स्लॅबच पाहिजे, लोक काय म्हणतील. त्यांना मॅडमनी ग्लेन मर्कटची गोष्ट सांगितली, ऑस्ट्रेलियाचा आर्किटेक्ट, एकटाच काम करतो, हातानं ड्रॉइंग काढतो, आणि नालीदार पत्र्याची छपरं घालून २००२ चं प्रित्झकर घेतलं, आर्किटेक्टांचं सगळ्यात मोठं बक्षीस. बाबा गप्प झाले, मग म्हणाले, "पत्र्यापेक्षा कौलं बरी."

आता एक बारकी गोष्ट, पण ह्यावरनंच मला काम कळलं. छज्ज्याच्या खालच्या अंगाला, कडेपासनं थोडं आत, बोटभर रुंदीची एक खाच लांबलचक काढलीय, ड्रिप मोल्ड. खाच नसली तर पाणी कडेवरनं खाली न पडता छज्ज्याच्या पोटाला चिकटून आत भिंतीपर्यंत चालत येतं आणि तिथं काळा ओघळ पडतो, आपल्याकडं निम्म्या घरांच्या खिडक्यांवर दिसतोय तो. खाच असली की पाणी तिथं अडतं आणि थेंब सरळ खाली. आमचे मिस्त्री बागलकोटकडचे, त्यांनी सेंटरिंग (काँक्रीट ओतायचा साचा) करताना खाचेची पट्टी लावली नव्हती, मॅडमनी स्लॅब ओतायच्या आधी येऊन, कन्नडमधनं समजावून, बादलीनं पाणी ओतून दाखवलं की बघा कसं चालत येतं. त्यानंतर मिस्त्री दुसऱ्या साइटवर पण ती पट्टी लावतात असं त्यांनीच सांगितलं. पहिला पावसाळा गेला, त्या भिंतीवर एक डाग नाही.

वरच्या मजल्याचं पण सांगायला पाहिजे, पैसे संपले की आपण कॉलमच्या सळ्या वर तशाच सोडतो, त्या गंजतात आणि पुढच्या पिढीला त्यावर काम करता येत नाही. आम्हाला वर एक खोली नंतर वाढवायची होती. त्यांनी चिलीचं उदाहरण दिलं, इकीके गावातलं किंटा मोनरॉय, तिथले आर्किटेक्ट आलेहान्द्रो आरावेना आणि त्यांच्या टीमनं २००४ मध्ये ९३ कुटुंबांसाठी केलेलं. सरकारी पैशात पुरं घर बसत नव्हतं म्हणून अर्धंच बांधलं, पण कठीण अर्धं, स्ट्रक्चर, जिना, किचन, बाथरूम, आणि शेजारी तेवढीच मोकळी जागा सोडली, लोकांनी सवडीनं भरून घेतली. आमच्याकडं पण जिना, वरचं प्लंबिंग आणि खोलीचं छप्पर आत्ताच झालंय, फक्त दोन भिंती आणि फरशी राहिलीय, सळ्या उघड्या नाहीत. तोवर तिथं कपडे वाळतात, जे बेळगावात पावसाळ्यात सोन्यासारखं आहे.

तक्रारी. ड्रॉइंग यायला वेळ लागतो, इलेक्ट्रिकलचं ड्रॉइंग एवढं उशिरा आलं की दोन भिंती परत फोडाव्या लागल्या, त्याचा खर्च आमच्यावरच पडला, हे बरोबर नाही आणि मी त्यांना तोंडावर सांगितलंय. किचनच्या खिडकीतनं शेजारचं बाथरूम दिसतं, ते साइटवर येऊन बघणाऱ्या माणसाच्या नजरेतनं सुटायला नको होतं. पावसात त्यांच्या साइट व्हिजिट कमी होतात, नेमकं तेव्हाच बघायची गरज असते. आणि बजेटबद्दल आधी स्पष्ट बोला, चांगली कौलं बसवणारी माणसं आता कमी राहिलीत, खानापूरकडनं बोलवावी लागली, त्यांची मजुरी जास्त.

फी कामाच्या खर्चाच्या टक्क्यावर घेतात, ऑनलाइन पॅकेजच्या मानानं खूप जास्त वाटते, पण त्यात सेक्शन, मिस्त्रीसाठीची डिटेल ड्रॉइंग आणि साइटवर येणं सगळं आलं. शेवटी एलिव्हेशनचं चित्र पण दिलं, बाबांनी ते लॅमिनेट करून ठेवलंय. नुसता पालिकेचा प्लॅन पास करून पाहिजे असेल तर त्यांच्याकडं जाऊ नका, तसं काम ते घेत नाहीत. दिवाळीनंतर फाउंडेशन काढून पावसाआधी छप्पर घालायचं असेल तर गणपतीच्या आधीच भेटा, आणि साइटचा उतारा, चारी बाजूंचे फोटो आणि शेजारच्या गच्चीचं पाणी कुठं पडतं ते बघून जा, नाहीतर पहिली भेट त्यातच जाते.